शब्द काढून घेतलेला ऑथेल्लो

गेल्या पावसाळ्यात फोंड्याजवळच्या एका गावात नृत्याची तालीम पाहायला गेले होते. ओळखीतली चार तरुण मुलं ‘ऑथेल्लो’ बसवत होती. देवळाशेजारच्या हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला सारून जागा केली होती. एका अंगाला सतरंजीवर घुमट हे मातीचं तालवाद्य घेतलेले काका, त्यांच्या बाजूला शमेळ म्हणजे त्याच्या जोडीचा ढोल वाजवणारा आणि जरा मागे व्हायोलिन घेऊन उभा असलेला मडगावकडचा एक मुलगा. बाहेर पाऊस असा लागला होता की काकांना दर थोड्या वेळाने घुमटाचं चामडं चाचपून पाहावं लागत होतं. दमट हवेत चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो.

माझ्यासोबत काकी होती. संगीत नाटकांवर वाढलेली, पदं तोंडपाठ असलेली बाई. अर्धा तास गप्प बसून तिने सगळं पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “सगळं छान गं, पण यात गोष्ट कुठे आहे?”

हा प्रश्न एकट्या काकीचा नाही. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, तिथे समकालीन नृत्याचे प्रयोग होतात. ते पाहून बाहेर पडणाऱ्या चांगल्या नाटकवेड्या माणसांच्या तोंडूनही मी हेच ऐकलं आहे. आपल्यालाच काही कळलं नाही, असं त्यांना वाटत राहतं आणि पुढच्या वेळी ती येत नाहीत. मला याचं वाईट वाटतं, कारण असं नृत्य पाहायला लागणारी नजर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती कुठे आहे, तेवढंच दाखवायचं आहे.

आधी गोष्ट सांगून टाकते. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या फौजेतला मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा, सेनापती. पराक्रमी, पण त्या समाजात परका. डेस्डिमोना बापाला न जुमानता त्याच्याशी लग्न करते. बढती हुकल्यामुळे जळत असलेला इयागो त्याच्या मनात बायकोबद्दल संशय पेरतो. पुरावा काय, तर एक रुमाल. ऑथेल्लोनेच बायकोला प्रेमाने दिलेला. तो तिच्या हातून पडतो, इयागोची बायको एमिलिया उचलते आणि नवऱ्याला देते, आणि इयागो तो कॅसिओ नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या खोलीत टाकून येतो. तेवढ्यावर ऑथेल्लो निरपराध बायकोला मारतो, आणि खरं कळल्यावर स्वतःलाही. शेक्सपिअरने हे १६०३-०४च्या सुमारास लिहिलं. मराठीत गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ते ‘झुंझारराव’ म्हणून आणलं, तेव्हा काकीच्या पिढीला ही गोष्ट परकी नाही. “झुंझारराव गं, तोच,” असं मी तिला तालमीआधी सांगितलं होतं आणि तिने मान डोलावली होती.

मग तिला गोष्ट का दिसली नाही? कारण ती संवादांची वाट पाहत होती.

आपल्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेश-भूषेचा आणि सात्त्विक म्हणजे मनात खरोखर उमटून अंगावर येणारा, घाम, कंप, डोळ्यांतलं पाणी असा. झुंझाररावात वाचिक राजा आहे. नृत्यात तोच काढून घेतात. राजा उठून गेला की उरलेल्या तिघांवर सगळा भार पडतो. आणि एक पाचवी गोष्ट पुढे सरकते ती म्हणजे संगीत. बोलण्याची रिकामी झालेली जागा संगीत व्यापतं.

हे फार चांगलं समजतं ते होसे लिमॉन यांच्या ‘द मूर्स पवान’ या रचनेत. लिमॉन जन्माने मेक्सिकोचे, घडले अमेरिकेत. १९४९ साली त्यांनी ऑथेल्लोवर नृत्य केलं. पाच अंकांचं नाटक साधारण वीस मिनिटांत आणलं. व्हेनिस गेलं, सायप्रस गेलं, युद्ध गेलं, मुलीचा बाप गेला. ज्याच्या खोलीत रुमाल सापडतो तो कॅसिओसुद्धा गेला! उरली चार माणसं, आणि त्यांना नावंही दिली नाहीत. मूर, मूरची पत्नी, मित्र, मित्राची पत्नी. बस्स.

रचनेचं नावच त्यातली युक्ती सांगतं. पवान हा सोळाव्या शतकातल्या युरोपी दरबारातला नाच. जोड्या-जोड्यांनी संथ पावलं टाकायची, हात हातात, वाकून मान द्यायचा, पुन्हा चालायचं. नाचापेक्षा मिरवणूकच म्हणा. लिमॉन यांचे चौघे सुरुवातीला असेच हात धरून गोलात उभे असतात. मग गोल सुटतो, दोघं बाजूला होतात, त्यांच्यात काहीतरी घडतं, आणि पुन्हा सगळे पवानच्या पावलांवर येतात. पुन्हा सुटतात, पुन्हा येतात. पावलं तीच, वाकणं तेच, पण दर खेपेला हातांची पकड बदललेली असते. वरून सभ्यता, आतून सगळं पोखरत चाललेलं.

आपल्याकडे याला जवळचं काय, तर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मूळ घरात सगळं कुटुंब जमलेलं. आरतीला सगळे एका रांगेत उभे, टाळ्या एका लयीत, घुमट घुमतोय. आणि त्या रांगेतल्या दोन भावांमध्ये जमिनीवरून तीन वर्षं बोलणं नाही, हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक. आरती चालू असताना कुणीच काही बोलत नाही. पण तबक एका भावाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं त्या क्षणी सगळ्यांचे डोळे त्या हातांवर असतात. लिमॉन यांचा पवान म्हणजे ते तबक. हे मी काकीला सांगितलं तेव्हा ती एकदम सावरून बसली.

त्या रचनेला संगीत आहे हेन्री पर्सेल या सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराचं, त्याच्या वेगवेगळ्या कृतींतून निवडून जुळवलेलं. त्यातला काही भाग ‘अब्देलाझर’ या नाटकासाठी १६९५ साली केलेल्या संगीतातून आला आहे, आणि त्या नाटकाचं दुसरं नाव आहे ‘मूरचा सूड’. म्हणजे एका मूरसाठी लिहिलेले सूर अडीचशे वर्षांनी दुसऱ्या मूरच्या पायाखाली आले. मला या योगायोगाचं फार आकर्षण आहे, लिमॉन यांच्या मनात ते असो वा नसो.

आता शरीराकडे वळू. आपले बरेचसे प्रेक्षक भरतनाट्यम किंवा कथक पाहिलेले असतात, त्यामुळे डोळा मुद्रांचा अर्थ शोधू लागतो. हे कमळ, हा भुंगा, ही यमुना. मॉडर्न डान्समध्ये असा शब्दकोश नाही. हात वर गेला म्हणजे अमुक, असं काही ठरलेलं नसतं. म्हणून हाताचा अर्थ शोधत बसलात की हमखास चुकामूक होते. पाहायचं असतं ते वजन. शरीराचा भार कुठे आहे, कोण कुणावर टाकतोय, कोण सावरतोय, कोण सोडून देतोय.

लिमॉन यांच्या गुरू डॉरिस हम्फ्री. त्यांचा सगळा विचार पडणं आणि सावरणं या दोन शब्दांत मावतो. ताठ, स्थिर उभं राहणं हा एक मृत्यू आणि जमिनीवर सपाट पडणं हा दुसरा. या दोहोंच्या मधल्या कमानीत नृत्य असतं, असं त्या मानत. चालतानासुद्धा आपण दर पावलाला थोडं पडतो आणि दुसरं पाऊल टाकून सावरतो. शोकांतिकेला याहून नेमकी तालीम कुठली असणार? ऑथेल्लोची गोष्टच ती आहे, एक ताठ उभा असलेला माणूस पडायला लागतो आणि पुढचं पाऊल त्याला सापडत नाही. त्याच काळातल्या मार्था ग्रॅहम यांची वाट वेगळी. पोट आत खेचून श्वास सोडायचा, मग मोकळं व्हायचं. या आकसण्या-सुटण्यातून त्यांनी १९४७ साली ईडिपसची शोकांतिका केली, आणि तीही राजाच्या बाजूने सांगण्याऐवजी राणी जोकास्टाच्या आठवणीतून. तेव्हा ‘जुन्या शोकांतिकेचा नवा अन्वय’ म्हणतात तो बरेचदा एवढाच असतो: गोष्ट तीच ठेवायची आणि पाहणारा बदलायचा.

फोंड्याच्या त्या तालमीत इयागोचं काम करणारा मुलगा अंगाने किरकोळ होता. त्याने ऑथेल्लोच्या मागे उभं राहून आपली हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली. एवढंच. ऑथेल्लोने खांदा झटकला. मुलगा दूर झाला, दोन पावलं चालला आणि पुन्हा येऊन टेकला, या वेळी थोडा जास्त भार टाकून. पुन्हा झटकणं. असं सहा-सात वेळा. शेवटच्या खेपेला ऑथेल्लोने झटकलं नाही. उलट मुलगा बाजूला झाला तेव्हा ऑथेल्लोचाच खांदा त्याच्यामागे झुकला, आधार काढून घेतल्यासारखा. नाटकात ज्यासाठी तिसऱ्या अंकातला लांबलचक प्रवेश लागतो, ते इथे एका खांद्यावर झालं. कान भरणं म्हणजे काय, हे मला त्या झुकलेल्या खांद्याने समजावलं.

आणि त्या सहा-सात वेळा नेमक्या किती असाव्यात, हे कुणी ठरवलं? काकांनी. इथून संगीताचा विषय सुरू होतो आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं इथेच आहे.

ध्वनिमुद्रित ट्रॅकवर नाच बसवला की काळ आधीच कापून ठेवलेला असतो. चौथ्या मिनिटाला ढोल वाजणार म्हणजे वाजणार, नर्तकाला त्या दिवशी श्वास कमी पडो की पडझड होवो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थिनीचा ट्रॅक मध्येच बंद पडला. ती एक हात वर करून तशीच उभी राहिली. कुणीतरी धावत गेलं, वायर हलवली, आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. तिच्या अंगात त्या क्षणापर्यंत जमलेलं सगळं सांडून गेलं. ती पुढे नाचली, पण ते फक्त पाठांतर होतं. तिचा तो वर राहिलेला हात मला अजून दिसतो.

वादक समोर बसलेला असेल तर काळ दोघांच्या मधे असतो. नर्तकी थांबली तर तो थांबतो, किंवा मुद्दाम थांबत नाही आणि तिला ओढून नेतो. शोकांतिकेत हे फार महत्त्वाचं, कारण शेवट सगळ्यांना माहीत असतो. ‘काय होणार’ ही उत्सुकता नसतेच. उरतो तो ‘कधी’. रुमाल पडल्यापासून गळ्यापर्यंत हात जाईस्तोवर किती वेळ जातो, तो वेळ कसा ताणला जातो, यावर प्रेक्षकाचा जीव टांगलेला असतो.

हे आपण नाही पाहिलं? पेडण्याच्या बाजूला जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या-उभ्या रचतात. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज घेऊन बसलेली मंडळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. राजा रागाने पाऊल आपटणार हे पखवाजवाल्याला त्याच्या खांद्यावरून कळतं आणि पाऊल पडतं तिथेच थाप पडते. आख्यान सगळ्यांना पाठ. माझी आजी तीच तीच आख्यानं वर्षानुवर्षं बघायची आणि त्याच जागी रडायची. “पुढे काय होणार ते तुला ठाऊक आहे ना?” असं विचारलं की कोकणीत म्हणायची, “खबर आसा, पूण पळोवंक जाय.” माहीत आहे, पण बघायला हवं. शोकांतिका का बघतात याचं इतकं थोडक्यात उत्तर मला पुस्तकांत मिळालेलं नाही.

संगीत नाटकातही तेच. पणजीच्या कला अकादमीतलं मोठं नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे, त्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या जमान्यात रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवाला आणि तबलजी नटाच्या भुवईवर नजर ठेवून असत. तान लांबली तर ठेका धरून ठेवायचा, समेवर सगळ्यांनी एकत्र यायचं. लयीच्या बाबतीत तर आपल्या मातीने लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर दिले. ते दोन हातांवर दोन ताल, पायांवर आणखी वेगळे आणि तोंडाने आणखी एक असे धरत आणि सगळे एकाच समेवर आणून सोडत, असं जुनी मंडळी सांगतात. एका शरीरात अनेक लयी नांदू शकतात ही कल्पना समकालीन नर्तकाला फार जवळची. पाय एका लयीत शांत, श्वास दुसऱ्याच लयीत धापा टाकणारा, असं दिसलं की आपल्याला न सांगता कळतं की हा माणूस खोटं बोलतोय.

भारतात समकालीन नर्तक अस्ताद देबू यांनी मणिपूरच्या पुंग या ढोलाच्या वादकांना आपल्या नृत्यात प्रत्यक्ष मंचावर आणलं होतं; वादक तिथे साथीला बसलेले नसत, नाचणाऱ्यांतलेच होत. गोव्यात घुमटाशेजारी व्हायोलिन हेसुद्धा कुणी ओढूनताणून आणलेलं नाही. मांडो या गोव्याच्या गीतप्रकाराला ही जोडी जुनीच आहे. चर्चच्या शाळांतून नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेल्या गोंयकारांनीच पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले.

घुमटाबद्दल थोडं थांबून सांगते. मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं, लहान तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं वापरतात. २०१९ मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं. एका हाताने चामड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या हाताचा तळवा उघड्या तोंडावर झाकायचा, सोडायचा. झाकला की आवाज आत कोंडतो, सोडला की बाहेर येतो. श्वास घेणारं वाद्य आहे ते. आरतीत त्याचा उत्साहच आपण ऐकतो. त्या तालमीत काकांनी तळवा जवळजवळ झाकूनच वाजवलं, अगदी हळू, आणि घुमटात इतकी भीती आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

खुनाचा प्रसंग कसा दाखवायचा, यावर मुलांची बरीच चर्चा झाली होती. लिमॉन यांनी तो झाकला आहे. मित्र आणि त्याची पत्नी पुढे येऊन उभे राहतात आणि त्यांच्या मागे ते घडतं. ग्रीक शोकांतिकांत मरण बहुतेक पडद्याआड होतं आणि दूत येऊन सांगतो. संस्कृत नाटकातही रंगमंचावर वध टाळत. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन सर्वांसमोर प्राण सोडतो म्हणून ते नाटक वेगळं उठून दिसतं. झाकण्यामागे नुसता संकोच नाही. जे दिसत नाही ते ऐकावं लागतं, आणि ऐकलेलं मरण प्रत्येक जण आपापल्या ओळखीच्या चेहऱ्याने पाहतो.

ग्रीकांचं नाव निघालंच आहे तर हेही: ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे आज आपण वाद्यवृंद म्हणतो, पण मूळ ग्रीकमध्ये तो शब्द जागेचा आहे, नाचायच्या जागेचा. नाटकातला समूह तिथे सनईसारख्या जोडवाद्याच्या साथीवर गात नाचत असे. म्हणजे शोकांतिका जन्मली तीच नाच आणि प्रत्यक्ष वादन यांच्या अंगणात. नुसतं बोलणं तिच्याकडे नंतर आलं. ‘नाटकाचा नाच केला’ अशी तक्रार ऐकली की मला हे सांगावंसं वाटतं.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा शक्य असेल तर वादक दिसतील अशी जागा धरा, मग ती कडेची का असेना. गोष्ट घरूनच वाचून जा, त्यात काही बिघडत नाही. पहिली पाच-सात मिनिटं काही समजून घेऊ नका; फक्त कोण कुणाजवळ जातं आणि कोण मागे सरतं तेवढं बघा. एखादी हालचाल पुन्हा आली की तिच्यात काय बदललं ते पाहा, कारण अशा रचनेत पुनरावृत्ती हीच वाक्यरचना असते. आणि एखादी वस्तू मंचावर असेल तर तिला सोडू नका.

तालमीचा शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा पाऊस थोडा ओसरला होता. डेस्डिमोना पाठमोरी बसली. इयागो आणि एमिलिया पुढे येऊन उभे राहिले. व्हायोलिनचा एकच सूर लांबत राहिला आणि घुमट थांबला. मुलगी मधूनच वळून म्हणाली, “काका, इथे किती मात्रा थांबताय? मला मोजायला हवं.”

काका म्हणाले, “मोजू नकोस बाय. तुझी पाठ दिसते मला. तू श्वास सोडलास की मी वाजवीन.”

पुन्हा केलं. या वेळी तिची पाठ ताठ राहिली, राहिली, राहिली, आणि मग खांद्यापासून एकेक मणका सुटावा तशी खाली गेली. त्यावर घुमटाची एकच झाकलेली थाप. पुढचे दोघे बाजूला झाले. मधे रुमाल पडला होता.

घरी येताना बसमध्ये काकी खिडकीकडे बसली होती. बोरीचा पूल आला तेव्हा तिने विचारलं, “तो रुमाल शेवटी कुणी उचलला गं?”

“कुणीच नाही,” मी म्हटलं. “तिथेच होता.”

“तेच,” ती म्हणाली. “मी त्याच्याकडेच बघत होते.”